पाण्याचं विरजण

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या धारचा बाजार पेंगायला लागतो. शटर अर्धी खाली येतात, समोरचा कापडवाला गादीवरच आडवा होतो, आणि माझ्या दुकानात फक्त बुडबुड्यांचा आवाज उरतो. भिंतभर काचेच्या टाक्या, प्रत्येकीत एक दिवा, आणि छतावर पाण्याचा उजेड सारखा हलत असलेला. त्या वेळी मी खुर्चीत बसून काहीही करत नाही. बायको म्हणते, याला धंदा म्हणत नाहीत, याला झोप म्हणतात. तिचं अगदीच चुकत नाही. माशांना पापण्या नसतात, म्हणून त्यांच्या वाटच्या मी मिटतो.

मी शोभेचे मासे विकतो, म्हणजे विकत होतो. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी दुपारचा राखणदार आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि पागेवर होते, असं घरात सांगतात. घोड्यांवरून आम्ही माशांवर आलो, याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. इथल्या मराठी मंडळींनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गळ घातली तेव्हा मी आधी हसलो. माझी मुलगी मराठी बोलते छान, पण वाचताना अडखळते. छापून आल्यावर मलाच तिला हे मोठ्याने वाचून दाखवावं लागणार.

धंदा मी देवासला शिकलो. टेकडीच्या पायथ्याशी एक अंधारं दुकान होतं. त्याचे मालक, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो, पान खात बसत आणि फार कमी बोलत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकाही माशाला हात लावू दिला नाही, नुसतं पाणी भरायला लावलं. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "भिया, अपन मच्छी नहीं बेचते, पानी बेचते हैं. मच्छी तो उसके साथ चली जाती है." तेव्हा मला वाटलं, म्हातारा पाणी भरून घ्यायला काहीतरी सांगतोय. खरं काय ते पुढे स्वतःचं दुकान थाटल्यावर कळलं.

ज्यांनी कधी टाकी ठेवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मासा पाण्यात खातो आणि पाण्यातच घाण करतो. ती घाण विरघळून पाणी तिखट होतं. दिसायला ते स्वच्छच असतं, पण माशाचे कल्ले आतून भाजतात. जुन्या टाकीत मात्र गोट्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर एक चिकट थर बसलेला असतो. डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव त्यात राहतात आणि ती घाण खाऊन टाकतात. नवीन टाकीत ते नसतात, आपोआप यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून मी नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी टाकी, गोटे, फिल्टर सगळं देतो, मासा देत नाही. माझ्या जुन्या टाकीतला मळका स्पंज त्याच्या पाण्यात पिळायला देतो आणि आठ-दहा दिवसांनी यायला सांगतो. दुधाला विरजण लावतात तसं हे पाण्याचं विरजण. लोकांना ते मुळीच पटत नाही. एकजण म्हणाला, "भिया, खाली डब्बा और ये कचरा लेके घर जाऊं? बच्चे रो देंगे." मी म्हटलं, रोने दो, मच्छी मरेगी तब भी तो रोएंगे. तो समोरून निघाला आणि तडक दुसऱ्या दुकानात गेला. बाजारात मला मासे न विकणारा मासेवाला म्हणतात ते अशाने.

लग्नाच्या रिसेप्शनला प्रत्येक टेबलावर काचेच्या वाडग्यात एकेक मासा ठेवायची टूम मध्यंतरी निघाली होती. ती ऑर्डर घेऊन आलेल्या मंडपवाल्याला मी लाडू ठेवायचा सल्ला दिला. एकदा बदनावरकडचा एक माणूस मोटरसायकलला दुधाची कॅन बांधून आला. कॅनमध्ये दूध नव्हतं, हातभर लांबीचा मासा वळायला जागा नाही म्हणून वाकडा होऊन बसला होता. शार्क म्हणून कुठल्याशा दुकानात बोटाएवढा विकला गेलेला, आणि तो एवढा वाढतो हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. त्या माणसाला तो आपल्या तलावात सोडायचा होता, वर पुण्यही मिळणार होतं. मी हात जोडले. परक्या देशातला मासा आपल्या तलावात गेला की तिथल्या माशांच्या पोटावर पाय येतो. मागच्या सिमेंटच्या हौदात त्याला जागा करून दिली. त्याला कोणी विकत घेत नाही, तो माझ्या घरचा पेन्शनर आहे. विकलेला मासा परत घ्यायचा, आणि दुसऱ्याने विकलेलाही नाही म्हणायचं नाही, हे माझं दुकानापुरतं धोरण. त्यात नफा काही नाही, पण झोप चांगली लागते.

एका गोष्टीवरून मात्र मी गिऱ्हाइकांशी कायम भांडलो. टाकीतला मासा मेला की घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, असं लोक मानतात. आमच्या धंद्याला ही समजूत फार सोयीची आहे. मासा मेला की गिऱ्हाईक तक्रार करत नाही, उलट हात जोडून दुसरा घेऊन जातं. मी तोंडावर सांगायचो, संकट टळलं नाही, पाणी बिघडलं. लोकांचे चेहरे पडायचे. पडू देत म्हणायचो.

असा फटकळ माणूस मी, आणि माझ्यापुढे एक दिवस मालतीकाकू आल्या.

काकू माझ्या आईच्या मैत्रीण. नऊवारीतल्या शेवटच्या काही बायकांपैकी. त्यांच्या घरात अजून सोवळ्यात स्वयंपाक होतो, आणि अजून कोणी गेलं की घर सारवल्यासारखं धुतलं जातं. यजमान रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. धार आणि देवास दोन्ही जिल्ह्यांत त्यांच्या बदल्या झाल्या, जंगलांतून सडका आखल्या, आणि निवृत्तीनंतर एक दिवस देवपूजा करताना उजवं अंग गेलं. तेव्हापासून पलंगावर. मुलगा परगावी. त्यानेच वडिलांना विरंगुळा म्हणून पलंगाशेजारी टाकी ठेवली होती, तीन गोल्डफिश घालून. टाकी माझ्याकडची नव्हती.

काकू स्टीलचा उभा डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "विनू, एक केशरी दे. अगदी मोठा नको." मी घरचं थोडं पाणी आणायला सांगितलं, कारण पाणी तपासल्याशिवाय मी मासा देत नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही. आनंदात होत्या. यांना दोन दिवस ताप होता, काल मासा गेला आणि आज ताप उतरला, असं त्यांनी मला सांगितलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "टळलं बघ एक."

माझं ठरलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. सगळ्या गावाला सुनावणारा मी, त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मला ते जमलं नाही. मासा दिला. महिन्याभरात त्या पुन्हा आल्या, मग पुन्हा. दर वेळी डबा घासून लख्ख, आणि दर वेळी काहीतरी टळलेलं. शेवटी मी म्हटलं, काकू, आता मासा मी घरी घेऊन येतो, काकांनाही भेटायचंय.

काकांच्या खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. टाकी खिडकीखाली. इतकी स्वच्छ टाकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. काच दिसतच नव्हती, गोटे पांढरे शुभ्र, फिल्टरचा स्पंज नव्यासारखा पिवळा. दोन मासे तळाशी पंख आवळून बसले होते. मी काकूंना विचारलं, धुता कधी? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. मासा गेला की धुते, अजून कधी? मेलेल्याचं पाणी घरात कसं ठेवायचं? सगळं पाणी त्या तुळशीपासून दूर ओतायच्या, गोटे चिंचेने घासायच्या, स्पंज नळाखाली उकलून पिळायच्या, नळाचं ताजं पाणी भरायच्या. मगच नवा मासा. सुतक फेडल्याखेरीज घरात पाहुणा घ्यायचा नाही, तसं.

सगळं एका क्षणात उलगडलं. मासा मेला म्हणून टाकी धुतली जात होती, आणि टाकी धुतली म्हणून पुढचा मासा मरत होता. जे दुःख धुवायला काकू एवढं राबत होत्या, त्यातच पुढचं मरण होतं. आणि प्रत्येक मरणागणिक त्यांची खात्री वाढत होती.

काकू चहा टाकायला आत गेल्या तेव्हा काकांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, पण एकेक शब्द घेऊन बोलले तर समजायचं. टाकीतल्या काळ्या, मोठ्या डोळ्यांच्या माशाकडे बोट करून म्हणाले, हा उदयनगर. मला उमगेना. मग त्यांनी केशरी-पांढऱ्याकडे बोट केलं. हा नालछा. ज्या गावांत त्यांनी तंबू ठोकून सडका आखल्या, त्या गावांची नावं त्यांनी माशांना दिली होती. दिवसभर पडल्या पडल्या ते माशांच्या मागे मागे फिरत. काळा मासा झाडामागे गेला की उदयनगरच्या सागवानात शिरल्यासारखं वाटतं, म्हणाले. हे काकूंना सांगितलेलं नव्हतं, त्या हसतील म्हणून.

"डही गेला," ते म्हणाले. डही म्हणजे आधीचा केशरी. "ही म्हणते, माझ्यावरचं त्यांनी घेतलं. मला रोज सकाळी डोळे उघडायची भीती वाटते, विनू. आज कोणतं गाव गेलं असेल. यांना जगव."

पाण्याचा उजेड त्यांच्या चादरीवर हलत होता. एकाच खोलीत दोन माणसं राहत होती. एकाला मासा मेला की धीर येत होता, आणि दुसरा त्यानेच रोज थोडा थोडा खचत होता. आणि दोघं हे एकमेकांना कळू न देता राहत होती. जगव म्हणणं सोपं. मासे जगवायचे म्हणजे काकूंच्या हातातला आधार काढून घ्यायचा, आणि तो काढल्यावर द्यायला माझ्याकडे दुसरा काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या सर्वांत जुन्या टाकीतला हिरवट काळा स्पंज घेऊन गेलो. काकूंना समजुतीवरून काही बोललो नाही, फक्त विरजणाची गोष्ट सांगितली. म्हटलं, तुम्ही दह्याचं भांडं रोज चिंचेने घासून त्यात नुसतं दूध ठेवलंत तर दही लागेल का? थोडं जुनं ठेवावंच लागतं. इथेही जुनं ठेवायचं. अर्धी बादली पाणी काढायचं, नळाचं औषध उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं अर्धी बादली घालायचं, स्पंज टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळायचा, आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. मासा गेला तरी नाही.

काकूंनी तो स्पंज पाहून पदर नाकाला लावला. ऐकून सगळं घेतलं. विरजण त्यांना लगेच कळलं, ते मला दिसत होतं. कळलं म्हणूनच त्या घाबरल्या. पलंगाकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाल्या, "आणि मासे मेलेच नाहीत, तर यांच्यावरचं घेईल कोण?"

इतकी वर्षं मी लोकांना पाणी बिघडलं म्हणून सुनावत होतो, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्पंज हातात धरून उभा राहिलो, त्यातून हिरवं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

उत्तर पलंगावरून आलं. काका म्हणाले, "मालती, माझं आहे ते मलाच घेऊ दे."

काकू वळल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून तो मळका स्पंज घेतला, सोवळ्याच्या हाताने, आणि टाकीत पिळला. पाणी गढूळ झालं. मासे त्या ढगात दिसेनासे झाले आणि थोड्या वेळाने एकेक बाहेर आले.

त्यानंतरचा काळ मला झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. मी आठवड्यातून एखाद्या दुपारी तिथे जायचो. काचेवर हळूहळू हिरवी साय धरली, गोटे तपकिरी झाले, पाण्याला चहाची किंचित छटा आली, आणि मासे पंख पसरून हिंडायला लागले. विरजण लागल्यावर मी तिसरा, लाल टोपीचा मासाही आणून सोडला. वाढायला लागले तशी मी मोठी टाकी नेऊन ठेवली, जुन्या टाकीतल्या गोट्यांसकट. काका एखाद्या माशावर नजर लावायचे आणि बोलायचे. म्हणायचे, मांडूच्या वाटेवर ढग रस्त्यावर बसलेले असायचे, मोजणीच्या दुर्बिणीतून पांढऱ्याशिवाय काही दिसायचं नाही, मग आम्ही दगडावर बसून ढग उठायची वाट बघायचो. उदयनगरला तंबूबाहेर मोहाची फुलं इतकी पडायची की पहाटे जमीन दिसायची नाही. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा. कधी माझाही. जाग यायची तेव्हा छतावर उजेड हलत असायचा आणि मी दुकानात आहे की त्या खोलीत, की कुठल्या न पाहिलेल्या जंगलात, हे क्षणभर कळायचं नाही. काकू दारात उभ्या राहून ऐकायच्या. त्या कधी आत येऊन बसल्या नाहीत. सकाळी उठल्या उठल्या टाकीपाशी जाऊन मासे मोजायच्या मात्र, आणि सगळे जिवंत पाहून त्यांच्या तोंडावर जे यायचं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

काका हिवाळ्यात गेले. पहाटे, कोणाला कळायच्या आत गेले. मासे तिन्ही होते.

दहाव्याला गेलो तेव्हा घरात कुजबुज चालली होती. कोणीतरी म्हणालं, मासे नुसते खाऊन माजलेत, वेळेला एकही उपयोगी पडला नाही. ते माझ्या ऐकण्यासाठीच होतं. काकू कोपऱ्यात चटईवर होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी परत आलो. दिवस-कार्य उरकल्यावर त्या टाकी परत न्यायला सांगतील हे मी धरूनच चाललो होतो. मागच्या हौदाशेजारी जागाही मोकळी केली. त्यांनी मला दोष दिला असता तर मी ऐकून घेतला असता, आणि खरं सांगायचं तर थोडा पटवूनही घेतला असता. पाण्याचं मला कळतं. बाकीच्याचं कोणाला काय कळतं?

एका दुपारी त्यांनी बोलावलं. मुलगा परत गेला होता. पलंगावरची गादी काढली होती, पट्ट्या उघड्या होत्या, आणि काकू त्या पलंगाच्या कडेला टाकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी विचारलं, घेऊन जाऊ का? त्या काका गेले त्या दिवशीची सकाळ सांगायला लागल्या.

"मी उठले, आणि सवयीने आधी टाकीकडे बघितलं रे. तिघं हिंडत होते. म्हटलं, आज कोणी गेलं नाही. तशीच आत जाऊन चहा ठेवला. दोन कप." त्यांनी पदराची घडी सरळ केली. "कप घेऊन आले तेव्हा यांचे डोळे टाकीकडे होते. उघडे. मला वाटलं जागेच आहेत."

फिल्टरचा आवाज चालू होता.

"घाबरलेले नव्हते," काकू म्हणाल्या. "एवढी वर्षं मी त्यांचा चेहरा बघितलाय, मला कळतं. घाबरलेले नव्हते."

नंतर त्यांनी विचारलं, यातली गावं कोणती कोणती ते तुला ठाऊक आहे ना? त्यांनी दारातून नावं ऐकली होती, पण कोणता कोण ते विचारायचं राहून गेलं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि दाखवलं. काळा तो उदयनगर. लाल टोपीचा बागली. आणि तो केशरी-पांढरा, शेपटी फाटलेला, तो नालछा.

"नालछा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर पहिलं बिऱ्हाड तिथेच होतं आमचं. एक खोली. पाणी विहिरीवरून आणायचे ते. मला शेंदता यायचं नाही."

त्यांनी बोट काचेवर टेकवलं. नालछा झाडामागून वळला, सरळ आला, आणि त्या बोटासमोर तोंड उघडत-मिटत थांबला. काकू त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

बोट लावलं की मासा येतोच. खायला मिळेल म्हणून येतो, माणूस ओळखून नाही. हे मी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो आहे. काकूंना सांगितलं नाही.